उशी उन्हात

मान ही माणसाला कशासाठी दिलेली आहे, या प्रश्नाचे उत्तर शरीरशास्त्रवाले काय वाटेल ते देवोत. बँकेत बावीस वर्षे काढलेल्या माणसाचे उत्तर ठरलेले आहे. ती खाली घालण्यासाठी दिलेली आहे. साहेबांपुढे खाली, व्हाउचरांपुढे खाली, आणि खिडकीपलीकडे एखादे पेन्शनर आजोबा "माझं व्याज अकरा रुपयांनी कमी कसं?" म्हणून उभे राहिले म्हणजे तर हनुवटी छातीला टेकेपर्यंत खाली. घरी आल्यावर ती डोलावण्यासाठी वापरायची असते. मान वर करून जगलेली माणसे इतिहासात पुष्कळ होऊन गेली, नाही असे नाही. पण त्यांतले कोणी बी. कॉम. असल्याचे माझ्या तरी वाचनात नाही.

तर अशी ही बहुगुणी मान एका सोमवारी सकाळी धरली. धरली म्हणजे काय, तर उठून बसलो आणि पाहतो तो डावीकडचे जग नाहीसे झालेले. डावीकडे गजर वाजत होता. तो बंद करण्यासाठी मला कमरेपासून सगळा देह वळवावा लागला. डावीकडून बायको चहा घेऊन आली ती मला कप नाकाखाली आल्यावरच समजली. "किती वेळ बोलतेय मी! बघतसुद्धा नाही माझ्याकडे," ती म्हणाली. लग्नाला सतरा वर्षे झाल्यावर न बघण्याचे वैद्यकीय कारण असू शकते, हे पटवणे फार अवघड असते.

आईने मात्र लांबूनच निदान केले. "मान धरलीय. उशी उन्हात टाक."

आमच्या घरात मानेच्या दुखण्याचे औषध मानेला देत नाहीत, उशीला देतात. कर्ज एकाने थकवायचे आणि नोटीस जामीनदाराला जायची, त्यातलाच हा प्रकार. लहानपणापासून पाहतो आहे. मान कोणाचीही धरो, उशी उन्हात जाते, दुपारी चार वाजता परत येते, तिला दोन धपाटे मिळतात आणि पेशंटने त्या रात्री बरे व्हायचे असते. तुमच्याही घरी हेच करत असतील. महाराष्ट्रात हा उपचार सर्वमान्य आहे. फक्त डॉक्टरांना तो माहीत नाही.

अडचण इतकीच, की बोरिवलीत उशी मिळते, ऊन मिळत नाही. आमच्या खिडकीसमोर जुनी तीन मजली इमारत होती तोवर सकाळी नऊ ते अकरा ऊन येत असे. त्या जागी बावीस मजले उभे राहिल्यापासून ते ऊन बाविसाव्या मजल्यावर जाते. उरली गच्ची. गच्चीच्या दाराशी सोसायटीची पाटी आहे : 'गच्चीवर कपडे, पापड व गाद्या वाळत घालू नयेत. हुकुमावरून.' यात उशीचा उल्लेख नाही, असे मी सेक्रेटरींच्या नजरेस आणून दिले. "गादी म्हटल्यावर उशी आलीच त्यात," ते म्हणाले. हे मला मान्य नव्हते. पण मान हलवून नाही म्हणण्याची सोयच त्या दिवशी नव्हती.

दुखण्याचे मूळ मला ठाऊक होते. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशेच्या आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या, ९ तारखेला बँका बंद होत्या आणि १० तारखेपासून मी कॅश काउंटरवर जो खाली बघायला लागलो, तो पुढे डिसेंबर संपेपर्यंत. १२ आणि १३ नोव्हेंबरला शनिवार-रविवार होता, तेही चालू. लोकांना त्या दिवसांतल्या रांगा आठवतात. मला लोकांचे चेहरे आठवतच नाहीत, फक्त हात आठवतात. तेव्हापासून मान अधूनमधून कुरकुरत असे. यावेळी तिने कामच बंद केले.

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला, तो उजेडावर धरला आणि मला माझेच मणके मोजून दाखवले. "मानेत सात मणके असतात. माणसाच्याही आणि जिराफाच्याही."

"मग जिराफाचं कसं निभतं?"

"तो उशी घेत नाही," डॉक्टर म्हणाले.

जिराफ पुष्कळदा उभ्याउभ्यानेच डुलकी काढतो म्हणे. त्यात विशेष काही नाही. विरार लोकलमध्ये बोरिवली ते अंधेरी मीही काढतो. पण डॉक्टरांनी पुढे जे सांगितले ते मात्र मी पावतीच्या पाठीवर लिहून घेतले : कुशीवर झोपत असाल, तर खांद्याच्या टोकापासून कानापर्यंतची पोकळी भरून निघेल इतकीच उशी हवी, उताणे झोपत असाल तर त्याहून पातळ, आणि पालथे झोपूच नका, त्यात मान रात्रभर पिळलेली राहते. "म्हणजे नक्की किती इंच?" मी विचारले. कॉमर्सच्या माणसाला आकडा लागतो. "ते तुमच्या खांद्याला विचारा," असे म्हणून त्यांनी घंटी वाजवली आणि पुढचा पेशंट बोलावला. तोही उजवीकडेच बघत आत आला.

इथून माझ्या आयुष्यातले उशीपर्व सुरू झाले. माझी चालू उशी म्हणजे बाबांची उशी. गावच्या सावरीच्या कापसाची, निळ्या पट्ट्यांच्या खोळीची. बाबा २००९ साली गेले. त्यानंतर आईने ती माझ्या अंथरुणावर आणून ठेवली होती आणि मीही काही न विचारता त्यावर डोके ठेवले होते. आता तिच्यात मध्यभागी खड्डा आणि दोन्ही बाजूंना टेकाडे झाली होती. बायकोचे मत पडले, की ही टाकून द्यावी. आईचे मत, की ऊन दाखवावे. मी दोघींचेही ऐकले, म्हणजे काहीच केले नाही आणि बाजारात गेलो.

स्टेशनजवळच्या दुकानात उशांना आता उशी म्हणत नाहीत. 'सर्व्हायकल', 'काँटूर', 'ऑर्थो' अशी त्यांची घराणी आहेत. विक्रेता पोरसवदा होता. त्याने एक पांढरी उशी पुढे करून तिच्यात पंजा दाबला. पंजा काढल्यावरही पाच बोटांचा ठसा राहिला आणि मग सावकाश भरून आला. "मेमरी फोम आहे सर. ही तुमचं डोकं लक्षात ठेवते." माझे डोके बँकेने बावीस वर्षांत लक्षात ठेवले नाही, हे त्याला काय सांगणार? "नासाचं तंत्रज्ञान आहे," त्याने हुकमाचे पान टाकले.

हे खोटे नाही. नासाच्या एम्स केंद्रासाठी १९६६ साली चार्ल्स योस्ट नावाच्या अभियंत्याने हा फोम तयार केला. पण तो उशीसाठी नव्हता, विमानातल्या आसनासाठी होता. धक्का बसला तर बसणाऱ्याला सोसावा, म्हणून. म्हणजे त्यामागे अपघाताचा विचार होता. साडेतीन हजार रुपये मोजून मी ती घरी आणली, तेव्हा तो विचार किती दूरदृष्टीचा होता हे कळले.

थोडक्यात हिशेब मांडतो. उशी क्रमांक एक, नासाची : डोके रुतून बसे आणि कूस बदलायची तर अर्ज करावा लागे. क्रमांक दोन, दोन उंचवट्यांची : एका अंगाला कसारा, दुसऱ्या अंगाला खंडाळा, मधल्या दरीत मी. क्रमांक तीन, पाण्याची : रात्रभर कानाशी समुद्र. क्रमांक चार, गव्हाच्या भुशाची : तिच्यावर नुसता श्वास घेतला तरी कोणी चिवडा खात असल्यासारखा आवाज होई. एकूण खर्च रुपये आठ हजार सातशे चाळीस. जमेच्या बाजूला शून्य. चारही उशा कपाटाच्या वरच्या कप्प्यात गेल्या आणि मी बाबांच्या खड्ड्यात परत आलो.

पैसे बुडाले की माणूस एकतर कोर्टात जातो नाहीतर वाचनालयात. माझी मान कोर्टात वर होण्यासारखी नव्हती. म्हटले, जरा बघू तरी, माणसाने आजवर उशाशी काय काय घेतले ते.

आणि खरे सांगतो, तुतानखामेनची गोष्ट वाचून पुष्कळ बरे वाटले. १९२२ साली त्याचे थडगे सापडले, त्यात सोन्यानाण्याबरोबर उशाही होत्या, आणि त्यांतली एकही मऊ नव्हती. हस्तिदंताची एक तर अशी, की हवेचा देव शू गुडघे टेकून बसला आहे आणि हातांनी ती कमान उचलून धरतो आहे. राजाने त्यावर मान टेकायची! चीनमध्ये तांग आणि सोंग राजवटींत लोक चिनी मातीच्या भाजलेल्या उशा घेत. पालथ्या झोपलेल्या गुटगुटीत मुलाच्या आकाराची एक उशी फार प्रसिद्ध आहे. त्या मुलाच्या पाठीवर डोके ठेवायचे. जपानी बायका केशरचना मोडू नये म्हणून लाकडी पेटीसारखी उशी मानेखाली घेत. म्हणजे जगातल्या थोर संस्कृती उशीच्या बाबतीत माझ्याइतक्याच दुर्दैवी होत्या. फरक इतकाच, की त्यांनी आपल्या उशा संग्रहालयात ठेवल्या आणि मी कपाटात.

आपल्याकडे वळलो, तर पहिल्यांदा डोळ्यांत भरला तो अन्याय. इतिहासाने सगळा मान गादीला दिलेला आहे. साताऱ्याची गादी, कोल्हापूरची गादी. गादीसाठी भाऊबंदकी, गादीसाठी दत्तकविधान. १८४८ मध्ये इंग्रजांनी साताऱ्याची गादी खालसा केली, असे आपण शाळेत घोकतो. पण कुणाची उशी खालसा झाल्याचे ऐकले आहे का? गादीवर बसता येते, उशीवर बसता येत नाही, उलट बसलेल्याला आई रागावते, एवढेच काय ते कारण असावे. शब्द मात्र उशीचा जुना आणि अस्सल. संस्कृतात 'उच्छीर्षक', म्हणजे डोके उंच ठेवणारे. त्याचे घासूनपुसून उसे आणि उशी झाले. ज्या देशात गादीवर बसलेल्यांसमोर माना खालीच ठेवायच्या, तिथे डोके उंच ठेवणारी वस्तू म्हणून फक्त उशी शिल्लक राहिली, असे मी कॅन्टीनमध्ये बोलून दाखवले. कोणी हसले नाही. मार्चअखेर होती.

महाभारताचा निकाल तर उशाशीच लागला आहे. द्वारकेत कृष्ण निजलेला असताना दुर्योधन आधी येऊन उशाशी बसला, अर्जुन मागून येऊन पायथ्याशी उभा राहिला. जागे झाल्यावर माणूस पायथ्याकडे बघतो. उशाकडे बघायचे तर मान मागे वळवावी लागते. कृष्णाची मान त्या दिवशी धरली होती असे माझे म्हणणे नाही; पण दुर्योधनाने ही शक्यता विचारात घ्यायला हवी होती. पुढे शरपंजरी पडलेल्या भीष्मांचे डोके लोंबकळत होते, तेव्हा राजे लोक धावत जाऊन मऊमऊ उशा घेऊन आले. भीष्मांनी त्या नाकारल्या आणि अर्जुनाकडे पाहिले. त्याने तीन बाण मारून डोक्याला आधार दिला. अंगात इतके बाण असलेल्या माणसाचीही तक्रार उशीची होती, हे इथे लक्षात घ्यावे. आणि त्याला मऊ नको होती, बेताची हवी होती.

पण माझे समाधान झाले ते आणखी जवळ, आमच्याच स्टेशनावर उतरून. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, दारापासून सहा-सात किलोमीटर आत कान्हेरीची लेणी आहेत. शंभराहून जास्त लेणी, आणि सुमारे हजार वर्षे तिथे भिक्षूंची वस्ती. बोरिवलीचे मूळचे रहिवासी म्हणायचे तर तेच. आम्ही आपले नंतर पागडीने आलेले. भिक्षूंनी काय नेसावे, काय खावे याचे नियम विनयपिटकात आहेत. ते चाळताना चुल्लवग्गात चक्क उशीचा ठराव सापडला.

झाले असे. संघाला कापूस मिळाला. त्याचे करायचे काय, असा प्रश्न आला. तो पिंजून उशा करायला बुद्धांनी परवानगी दिली. कापूस तीन प्रकारचा चालेल : झाडाचा, वेलीचा आणि गवताचा. झाडाचा म्हटल्यावर आपली सावर आलीच. एवढ्यावर भागायला हरकत नव्हती. पण प्रत्येक शाखेत असतात तसे संघातही सहा जण होते. सवलत मिळाली की ती ताणायची, हे त्यांचे काम. या सहा जणांनी अर्ध्या अंगाएवढ्या उशा करून घेतल्या! विहार बघायला आलेल्या लोकांनी त्या पाहिल्या आणि कुरकुर सुरू केली, की हे तर चैनी गृहस्थांसारखे लोळतात. तक्रार वर गेली. मग नियम निघाला : अर्ध्या अंगाची उशी वापरू नये, उशी डोक्याएवढी करावी.

डोक्याएवढी! अडीच हजार वर्षांपूर्वी एका वाक्यात काम झाले होते, आणि मी आठ हजार सातशे चाळीस रुपये घालवून बसलो होतो.

पुढच्या रविवारी मुलीला घेऊन कान्हेरीला गेलो. चैत्यगृहातली गर्दी टाळून वरच्या अंगाच्या एका लहानशा विहारात शिरलो. आत कोठडी आणि कोठडीत निजायला कोरलेला दगडी ओटा. बाहेर पाण्याचे टाके. सोपारा, कल्याण, चौल इथल्या व्यापाऱ्यांनी ही लेणी आणि टाकी दान दिल्याचे लेख भिंतींवर आहेत. काही लेखांत अक्षयनीवी आहे. म्हणजे मुद्दल कधी मोडायचे नाही, नुसत्या व्याजावर भिक्षूंचा खर्च भागवायचा. आपल्या भाषेत कायम ठेव. याचा सगळ्यांत सुरेख नमुना नाशिकच्या पांडवलेण्यात, दहाव्या लेण्यात आहे. नहपानाचा जावई उषवदात याने तीन हजार कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले : दोन हजार दरमहा दरशेकडा एक दराने आणि एक हजार पाऊण दराने. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चिवरासाठी द्यायचे. मी तिथल्या तिथे पडताळून पाहिले. दोन हजारांवर महिना वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षू गुणिले बारा, दोनशे चाळीस. एक कार्षापण इकडचा तिकडे नाही! शिवाय सगळा व्यवहार निगमसभेत जाहीर करून फलकावर नोंदवलेला. मला त्या अज्ञात कारकुनाविषयी भडभडून आले. त्याचीही मान दुखत असणार.

"बाबा, झोपून बघ ना," मुलगी म्हणाली.

मी झोपलो. दगड थंडगार होता. डोक्याखाली तिच्या दप्तरातली रुमालाची घडी घेतली, बरोबर डोक्याएवढी. मान कित्येक आठवड्यांनी सैल पडली. वरच्या दगडावर छिन्नीचे घाव दिसत होते, लांब कुठेतरी माकडे ओरडत होती, आणि बोरिवलीत राहून बोरिवलीचा आवाज येत नव्हता. चार मिनिटे हे सुख टिकले. पाचव्या मिनिटाला पाठ बोलू लागली आणि सहाव्या मिनिटाला रखवालदाराची शिट्टी झाली. "ओ काका, उठा! झोपायला घर नाही का?"

घर होते. घरात बाबांची उशी होती. ती पिंजाऱ्याकडे न्यावी असे मी त्या रात्री जाहीर केले. आई एकदम गप्प झाली. "उसवणार म्हणजे?" एवढेच म्हणाली. तिने उशीची खोळ दोनदा बदलली असेल, पण उशी उसवू कधी दिली नव्हती.

उशी उसवणे म्हणजे काय असते, याची मुंबईला एकदा चांगली ओळख झालेली आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी सुरू झाली. तिकडच्या दक्षिणेकडची बंदरे अडवली गेली, कापूस बाहेर पडेना, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी बसल्या आणि सगळ्यांनी मुंबईकडे हात पसरले. भाव असे चढले, की लोकांनी घरच्या गाद्या-उशा उसवून आतला कापूस विकला आणि तो लिव्हरपूलच्या बोटीत चढला, अशा हकिगती त्या काळाविषयी सांगतात. जरा डोळ्यांपुढे आणा. गिरगावात कुणी सद्गृहस्थ रात्री मोकळ्या खोळीवर डोके ठेवून पडलेला आहे आणि नफा मोजतो आहे! कापसाचा पैसा शेअरमध्ये गेला, शेअरसाठी नव्या बँका निघाल्या, समुद्र बुजवण्याच्या कंपन्या निघाल्या, आणि या सगळ्या पटावर प्रेमचंद रायचंद हे राजे. १८६५ च्या एप्रिलमध्ये तिकडे लढाई संपत आली, इकडे कापसाचे भाव कोसळले आणि १ जुलैला वायद्याच्या हिशेबाचा दिवस उजाडला तेव्हा देणारा कोणी उरला नव्हता. खुद्द बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. त्याच नावाने नवी काढली. कर्ज देताना तारण काय घेतले होते, हे मी व्यवसायबंधू म्हणून विचारणार नाही. उशा परत आल्या की नाही, हे कोणी लिहिलेले नाही.

प्रेमचंदही त्या तडाख्यात बुडाले, आणि मागाहून पुन्हा उभे राहिले. पण तेजीच्या दिवसांत त्यांनी विद्यापीठाला घड्याळाच्या मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले होते, आणि मनोऱ्याला नाव दिले आईचे. राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला. फोर्टमध्ये प्रशिक्षणाला गेलो होतो तेव्हा मी जेवणाच्या सुट्टीत तो रोज पाहत असे. तो नीट बघायचा तर मान पुरती मागे टाकावी लागते.

पूर्वी पिंजारी दारोदार येत. खांद्यावर ती भल्यामोठ्या वीणेसारखी धुनकी, आणि तिच्या तातीचा टँव टँव आवाज गल्लीच्या तोंडाशी आला, की आम्ही पोरे खेळ टाकून धावायचो. आता ते येत नाहीत. दहिसरला एक म्हातारे चाचा आहेत. दुकानात पिंजण्याचे यंत्र, धुनकी भिंतीला टांगलेली. मी उशी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती नुसती दाबली आणि म्हणाले, "सेमल है. पुराना माल. कौन सोता था इसपे?"

"वडील. आता मी."

"इसको पींजने का नहीं. मशीन में उड़ जाएगा. सेमल को धूप दो, खुद फूलता है." नमी ओढली की सावरीचा कापूस बसतो, चांगले ऊन लागले की पुन्हा फुलतो आणि उशीची उंची वाढते, हे त्यांनी मला त्यांच्या हिंदीत समजावून दिले. मी ऐकत उभा राहिलो. म्हणजे आई चाळीस वर्षे उशीची उंचीच दुरुस्त करत होती! जामीनदाराला पाठवलेली नोटीस योग्य पत्त्यावर जात होती. "आठ दिन छोड़ के जाओ," चाचा म्हणाले.

त्या रात्री माझ्या अंथरुणावर उशी नव्हती. वरच्या कप्प्यातली कुठलीही काढावी, तर चारहींशी बोलणे बंद. पूर्वी आईच्या खोलीत एक लहान तक्क्या असे, तो बघावा म्हणून मी दबकत आत गेलो. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड पडला होता. आई कुशीवर झोपली होती आणि डोक्याखाली तिची एक जुनी सुती साडी होती, चौघडी करून. ती घडी इतकी बसलेली होती, की कालपरवाची नव्हे हे मलाही कळले.

सकाळी विचारले. "मला बरी वाटते साडी," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"हे गेल्यापासून. तुझी मान दुखायची रे बँकेतून आल्यावर. ह्यांची उशी चांगली होती, म्हणून तुला दिली." आणि भाजी निवडायला लागली. भाजी निवडताना तिने मान वळवली नाही, खांदा वळवला. हा प्रकार मी गेले दोन महिने आरशात पाहत होतो. तिचा मात्र कधीपासून चालला होता कोण जाणे. उशीखात्यात आठ हजार सातशे चाळीस खर्ची पडले होते, दुकानदारापासून नासापर्यंत सगळ्यांच्या नावाने नोंदी होत्या, आईच्या नावाने एकही नव्हती.

मी त्याच दिवशी संध्याकाळी दहिसरला गेलो. चाचांनी दुकानामागच्या पत्र्यावर सावरीचा कापूस जाळीखाली पसरला होता. काळवंडलेले गठ्ठे बाजूला काढले होते. उरलेला फुलून असा काही वर आला होता, की तो आमच्याच उशीतला हे खरे वाटेना. "माल निकला अच्छा," ते म्हणाले. "मगर एक तकिये का ज्यादा है, दो का कम."

"दोन करा. पातळ चालतील."

"कितने बड़े?"

मी इंच सांगणार होतो. पण त्यांनीच हात पुढे करून माझ्या कपाळापासून मागेपर्यंत वीत लावली आणि म्हणाले, "सर के हिसाब से बनाता हूँ. बाकी फालतू." त्यांनी चुल्लवग्ग वाचला असण्याचा संभव कमी आहे.

दोन उशा घरी आल्या. खोळी आईने बाबांच्या जुन्या लेंग्याच्या शिवल्या, निळ्या पट्ट्या मिळाल्या नाहीत म्हणून. "मला कशाला दुसरी?" हे तिने तीन दिवस म्हणून घेतले आणि चौथ्या दिवशी साडी धुवायला टाकली. माझी मान अजून पावसाळी हवेत कुरकुरते. डॉक्टरांनी व्यायाम सांगितले आहेत ते मी सोमवार सोडून करतो. कपाटातल्या चार उशांपैकी भुशाची मांजराला आवडली. नासाची मुलीने अभ्यासाला बसायला घेतली आहे, म्हणजे ती शेवटी आसनाच्याच कामी आली.

परवा रविवारी आई दोन्ही उशा घेऊन गच्चीवर गेली. पाठोपाठ मी खुर्ची घेऊन. उशा कठड्यावर टेकवतो आहे तोच मागून सेक्रेटरींचा आवाज आला. "आजी, पाटी वाचली नाही का? गाद्या वाळत घालायच्या नाहीत."

"वाचली की," आई म्हणाली. "ह्या उशा आहेत."

आता ते काय म्हणतात ते बघायला मी वळलो. ते डावीकडे उभे होते.